रेल्वे येईल तेव्हा येईल, शटर आज उघडा

धुळ्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबा, मनमाड-इंदूर रेल्वेचा विषय निघाला नाही असं होत नाही. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी. त्याआधी कित्येक निवडणुका याच रेल्वेच्या जिवावर लढवल्या गेल्या. रेल्वे नाही तर दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर, तो नाही तर जवळच्या नरडाण्याला येऊ घातलेला कुठला तरी कारखाना. शहराचं भलं नेहमी बाहेरून होणार असतं आणि नेहमी पुढच्या पाच वर्षांत होणार असतं. तोवर पोरं पुण्याला, नाशिकला, सुरतेला. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो एवढंच म्हणतो, "पोऱ्या पुनाले शे. आठे काय शे?" (पोरगा पुण्याला आहे. इथे काय आहे?)

रेल्वे मलाही हवी आहे. दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या शहराला रेल्वेसाठी चाळीसगावच्या शाखा लाइनवर भागवावं लागतं, हे काही भूषण नव्हे. पण मोठ्या प्रकल्पाची वाट बघता बघता आपण एक गोष्ट विसरलो. शहर राहण्यालायक ठेवण्याचं काम आजवर कुणी केलं असेल तर ते गल्लीबोळातल्या छोट्या दुकानदारांनी, कारागिरांनी, खानावळवाल्यांनी. सरकारी धोरणात त्यांची नोंद होते ती एक तर अतिक्रमण म्हणून, नाही तर थकबाकीदार म्हणून. माझं म्हणणं असं की धुळे, जळगाव, अमळनेर यांसारख्या शहरांच्या जुन्या वस्त्यांना पुन्हा उभं करायचं असेल तर सुरुवात या माणसांपासून करावी लागेल. आणि त्यांना अनुदानापेक्षा जागेची शाश्वती जास्त हवी आहे.

आग्रा रोडवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, पाच कंदिलाकडे गाडी घालायची हिंमत होत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, बाजार तर जोरात आहे. त्याने तिथून एक गल्ली आत जावं. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांना नंबर आहेत, चार, पाच, सहा असे. आत शिरलं की वर लाकडी सज्जे, खाली दुकानाची फळी आणि मधेच गंजलेलं कुलूप. एखाद्या दारावर जुन्या किराणा दुकानाचं पुसट नाव, पलीकडे शिंप्याचं बंद दुकान, त्यापुढे घडीव पितळी भांड्यांचं दुकान जे आता गोदाम झालंय. मालक मुंबईत किंवा पुण्यात. तो विकत नाही, कारण भावाभावांत वाटणी झालेली नाही. भाड्याने देत नाही, कारण एकदा भाडेकरू घुसला की निघत नाही ही भीती. दुकान बंद पडलं की ओट्यावरचं बसणं बंद होतं, रात्रीचा दिवा जातो, आणि मग वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाडही कॉलनीत फ्लॅट घेऊन निघून जातं.

याच्या उलट काय घडतं हे बघायचं तर चालू गिरणी बघावी. धुळ्याच्या देवपुरात अशा पिठाच्या गिरण्या अजून आहेत. सकाळी दहाच्या सुमारास डब्यांची रांग लागते. कुणाचा गहू, कुणाची बाजरी, कुणाचा कळणा, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ टाकून केलेलं दळण. कळणा कुणाला जाड लागतो, कुणाला बारीक, कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे म्हणून या आठवड्यात दळण कमी आलंय, हे गिरणीवाल्याला वही न उघडता माहीत असतं. बाहेरगावी गेलेल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे, एसटीने आलेली पार्सलं त्याच्याकडे, शाळेतून लवकर सुटलेलं पोरगं त्याच्या बाकावर. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाचे दिवस आले की गिरणी झाडूनपुसून लख्ख होते आणि रोटांचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, दळण सुरू होतं. घरातल्या पुरुष माणसांच्या संख्येवर मापलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ. पुण्या-सुरतेला गेलेलं भाऊबंद त्या दोन दिवसांसाठी परत येतं, गल्ली गजबजते, आणि मग पुढच्या श्रावणापर्यंत पुन्हा तीच शांतता. तयार आटा मार्टमध्ये मिळतो, कदाचित स्वस्तही मिळतो. किल्ल्या ठेवून घेणारा माणूस तिथे मिळत नाही.

हा जुन्या दिवसांचा उमाळा आहे असं कुणी म्हणेल, म्हणून पैशाचंही बोलू. शेवभाजीची एक साधी खानावळ घ्या. तिखट जाड शेव जवळच्या फरसाणवाल्याकडून येते. मिरची दोंडाईचा किंवा नंदुरबारच्या बाजारातली, ती कुटून देणारं मिरची कांडप त्याच पेठेत. कांदा-खोबरं भाजून वाटायला दोन बाया, भाकरी थापायला आणखी दोघी. तेल, किराणा, गॅस, भाडं, सगळा पैसा चार-पाच मैलांच्या आत फिरतो आणि फिरता फिरता तीन-चार घरांची चूल पेटवतो. साखळी दुकानाच्या काउंटरवर दिलेला रुपया मात्र पगार आणि भाडं सोडलं तर त्याच रात्री शहराबाहेर जातो. यात साखळी दुकानाचा गुन्हा काही नाही, त्याची रचनाच तशी आहे. पण शहराने आपला हिशोब मांडताना हा फरक धरायला नको का?

जळगावात हिवाळ्यात भरताची वांगी भाजून देणाऱ्या भट्ट्यांचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. पण मानांकनाचा कागद होण्याच्या कितीतरी आधीपासून शेतकरी, कापसाच्या काड्या आणणारा गाडीवाला, भाजणारा, सोलून ठेचणाऱ्या बाया आणि कळण्याच्या पुऱ्या तळणारी बाई अशी अख्खी साखळी उभी होती. ती कुठल्या योजनेतून आलेली नाही. कुणी तरी घराच्या ओट्यावर भट्टी पेटवली, गिऱ्हाईक आलं, शेजाऱ्याने दुसरी पेटवली. धंदा असाच वाढतो, आणि तो वाढायला ओटा लागतो.

धुळे शहराचा जन्मच माणसाला जागेची शाश्वती देण्याच्या धोरणातून झाला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. 1803-04 चा दुष्काळ, होळकरी फौजांची धामधूम आणि पेंढाऱ्यांची लूट यांतून खान्देश पार उजाड झाला होता. 1818 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढच्या वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्जने मुख्यालयासाठी धुळे निवडलं. तेव्हा हे पांझरा नदीकाठचं अडीच हजार वस्तीचं, चारशे घरांचं गाव होतं. कारागीर दुरून आणले गेले. व्यापाऱ्यांना आणि नव्याने येणाऱ्यांना बांधकामासाठी जागा दिल्या, त्याही कायमच्या आणि बिनभाड्याच्या, शिवाय पक्कं घर बांधायला रोख उचल. जुन्या रहिवाशांनाही तीच सवलत. खान्देशच्या गॅझेटिअरमध्ये हे सगळं नोंदलेलं आहे. साहेबाला खान्देशचा पुळका आला होता असं नव्हे, त्याला महसूल हवा होता. पण ओस गावात माणूस वसवायचा तर त्याला पायाखालची जागा पक्की करून द्यावी लागते, एवढं त्याला कळत होतं. 2011 च्या जनगणनेत याच गावाची वस्ती पावणेचार लाख भरली.

मग कापडगिरण्यांचा काळ आला. धुळ्यात आणि अमळनेरला प्रताप मिल, जळगावला खान्देश मिल. भोंग्यावर घड्याळं लावणारी पिढी आता थकली. मिलच्या पगारावर खानावळी, सायकलची दुकानं, शिंपी, सराफ चालायचे. मिल बंद पडल्या तेव्हा मोठं भांडवल निघून गेलं, छोटी दुकानं मात्र राहिली. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती हे एक कारण, आणि उधारी वसूल व्हायची होती हे दुसरं. जळगावला स्टेशनजवळ खान्देश मिलच्या जागेवर पुढे खान्देश सेंट्रल उभं राहिलं. मॉल बांधू नये असं मी म्हणत नाही. पण मिलच्या जागेवर मॉल येतो तेव्हा तिथल्या कामगाराच्या नातवाला तिथे गाळा घेणं परवडेल का, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

जळगावच्याच गाळ्यांचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण छोट्या धंद्याचा जीव कुठे अडकतो ते त्यात उघडं दिसतं. महापालिकेच्या संकुलांमधल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या कराराची मुदत 2012 मध्ये संपली. नूतनीकरण करायचं की लिलाव, भाडं कुठल्या दराने, थकबाकीवर पाचपट दंड लावायचा की नाही, यावर ठराव झाले, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. 2019 मध्ये राज्य शासनाने नूतनीकरणाचे नियम करून भाडं जागेच्या बाजारमूल्याशी बांधलं, मग तो दर झेपत नाही अशी ओरड झाल्यावर 2023 मध्ये नियम पुन्हा बदलले. या सगळ्या वर्षांत फुले मार्केटमधल्या कापडवाल्याने काय करायचं? उद्या सील लागणार असेल तर आज नवं फर्निचर कोण करेल? बँक कशावर कर्ज देईल? आणि पोरगा कशाला गल्ल्यावर बसेल?

गाळेधारकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. वर्षानुवर्षं नाममात्र भाडं भरून तोच गाळा तिप्पट-चौपट भाड्याने दुसऱ्याला देणारे महाभाग प्रत्येक शहरात आहेत, आपल्याकडेही आहेत. पालिकेची मालमत्ता म्हणजे गावाचा पैसा, तो फुकट वाटावा असं कुणीच म्हणणार नाही. पण जो स्वतः दुकान चालवतो आणि जो फक्त कागदावर गाळेधारक आहे, त्या दोघांना एकाच नोटिशीत घालणं हे आळशी प्रशासन झालं. प्रत्यक्ष धंदा कोण करतो हे शोधायला एक बाजार निरीक्षक आणि दोन आठवडे पुरे आहेत. स्वतः चालवणाऱ्याला दहा वर्षांचा करार, भाडं दरवर्षी ठरलेल्या टक्क्याने वाढणारं. पोटभाडेकरू ठेवणाऱ्याचा गाळा काढून लिलावात. एवढी साधी विभागणी करायला दशक का लागावं?

खासगी कुलपांची गोष्ट वेगळी, आणि इथे कायद्यातली एक गाठ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने दिलेली जागा मुदत संपूनही रिकामी झाली नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ती परत मिळवता येते. फ्लॅटमालक बिनधास्त फ्लॅट भाड्याने देतो तो या आधारावर. दुकानाच्या जागेला मात्र हे कलम लागू नाही. तिथे दिवाणी दावा, तारखा, आणि वकिलाची फी. म्हणून गल्ली नंबर पाचमधला मालक दुकान कुजू देतो पण देत नाही. उद्या शासनाने जुन्या पेठांमधल्या ठरावीक चौरस फुटांपर्यंतच्या दुकानांना हेच संरक्षण दिलं, तर मालकाची भीती जाईल. आणि बदल्यात मालकाने किमान पाच वर्षांचा नोंदणीकृत करार द्यायचा, मधेच उठवायचं नाही. अकरा महिन्यांच्या करारावर शटर रंगवण्याइतकीही हौस उरत नाही. या दुरुस्तीला पैसा लागत नाही. विधानसभेत खान्देशचे आमदार बसतात, त्यांच्यापैकी कुणी हा विषय लावून धरलेला मला तरी आठवत नाही.

हातगाडीवाल्यांबद्दल थोडक्यात. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. प्रत्यक्षात अतिक्रमणविरोधी गाडी येते, तराजू उचलून नेते, आणि त्याच विक्रेत्याला दुसऱ्या टेबलावर स्वनिधी योजनेचं कर्ज मंजूर होतं. एका हाताने भांडवल, दुसऱ्या हाताने दंड. दुकानदारांच्या संघटनांनीही हातगाडीवाल्याला शत्रू समजणं सोडावं. आग्रा रोडवर गर्दी आहे ती कपड्यांच्या शोरूमइतकीच पाणीपुरीवाल्यामुळे आणि बांगड्यांच्या गाडीमुळे आहे.

आता विरोधी बाजू. छोटा धंदा पगार कमी देतो, पीएफचं नाव नाही, सुट्टी म्हणजे मालकाची मर्जी, बायको आणि पोरं बिनपगारी राबतात. हे सगळं खरं आहे आणि ते झाकून छोट्या दुकानाची आरती करण्यात अर्थ नाही. मार्टमध्ये साबण दोन रुपयांनी स्वस्त मिळत असेल तर महिन्याचा किराणा तिथून भरणाऱ्या बाईला स्थानिक अर्थव्यवस्थेवर प्रवचन देणारा मी कोण? दयेपोटी कुणी खरेदी करत नाही आणि करूही नये. दुकानदारानेही वजनात मारणं, "उघडलेला माल परत घेत नाही भाऊ" म्हणणं आणि बिल मागितल्यावर कपाळाला आठ्या घालणं बंद करावं. गिऱ्हाईक निघून जातं ते नेहमी किमतीपायी नाही, पुष्कळदा या आठ्यांपायी.

आणखी एक अडचण आहे, ती अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. आपल्याकडे दुकानदार पोराला पोरगी मिळत नाही. स्वतःचं दुकान, वर घर, कर्ज नाही, तरी मुलीकडचे विचारतात, "पुण्याला कंपनीत आहे का?" कंपनीत ठेकेदारामार्फत पंधरा-अठरा हजारांवर असलेला मुलगा चालतो, गल्ल्यावर तेवढेच कमावणारा चालत नाही. त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पगाराची तारीख ठरलेली असते, गाळ्याचं भवितव्य नसतं. म्हणजे फिरून गाडं पुन्हा जागेच्या शाश्वतीवरच येतं.

रोजगाराच्या आकड्यात गल्लीतली दुकानं कारखान्याची बरोबरी करू शकणार नाहीत. पण मोठं आणि छोटं यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी पक्की नसते. 29 डिसेंबर 1945 ला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू केली, सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि 787 साबण हे तिचं भांडवल. तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या कित्येक घरांनी तिचे शेअर जपून ठेवले आणि त्यांचं चांगलं झालं. कंपनीचं मुख्यालय मात्र बंगळुरूला. शेअरने कुटुंबं सावरतात, पेठ सावरायला त्या पेठेतच रोज सकाळी शटर वर जावं लागतं. अमळनेरच्या बाजारात फिरलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

धुळ्यापुरतं एक कारण अजून आहे, आणि ते बोलायला जड जातं. 2008 आणि 2013 च्या दंगलींनी या शहराच्या मनावर रेघा ओढल्या. वस्त्या आणखी वेगळ्या झाल्या, कॉलन्याही जातधर्माने वाटल्या गेल्या. पण यंत्रमागावर विणलेलं कापड मोमीन विणकराकडून मारवाडी व्यापाऱ्याकडे जातं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लेवा पाटलाची सून मनियाराकडेच बांगड्या भरते, आणि सगळ्यांच्या गाड्यांचं पंक्चर एकाच चौकात निघतं. एकमेकांच्या तोंडाकडे बघून रोज दोन शब्द बोलायची सक्ती फक्त बाजारात उरली आहे. शांतता समितीच्या बैठका दंगलीनंतर होतात, हा व्यवहार वर्षभर चालू असतो. जुन्या पेठांमधली दुकानं मिटत गेली तर ही जागाही मिटते, आणि मार्टच्या ट्रॉलीत ती भरून येत नाही.

म्हणून महापालिकेकडे मागायचं ते मोठं काही नाही. खेड्यातून एसटीने खरेदीला आलेल्या बाईला आग्रा रोडवर स्वच्छ स्वच्छतागृह शोधत फिरावं लागू नये, कारण तिला घरी जायची घाई झाली की दोन दुकानांचा धंदा बुडतो. नळाचं पाणी निदान ठरल्या दिवशी यावं, खानावळवाल्याने टँकरवर कमाई घालवू नये. गटारीसाठी आणि केबलसाठी रस्ता खोदायचा तर तो आखाजी आणि दिवाळीच्या तोंडावर नको. गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत पोचायला फळी टाकावी लागली की हंगाम गेला, आणि त्या हंगामावर उधारीचं वर्ष उभं असतं. अशा कामांची उद्घाटनं होत नाहीत, फलक लागत नाहीत, म्हणून ती मागे पडतात.

आणि एक काम तर उद्या सकाळीही सुरू करता येईल. महापालिकेच्या मालकीचे किती गाळे कुलूपबंद आहेत, कुठल्या प्रभागात, किती चौरस फुटांचे, कधीपासून आणि कुठल्या वादामुळे, याची यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावायची. मालमत्ता विभागाकडे ही माहिती फायलींत आहेच, भाड्याच्या नोटिसा त्यावरूनच निघतात. वाद नसलेले गाळे बचत गटांना आणि पहिल्यांदा धंदा करणाऱ्यांना सहा महिने नाममात्र भाड्यावर द्यायचे, धंदा जमला तर पुढचा करार, नाही जमला तर किल्ली परत. पापड-बिबड्या करणाऱ्या बायका आज घराच्या गच्चीवर माल वाळवून नातेवाइकांमार्फत पुण्याला विकतात, कारण रस्त्याला लागून दहा बाय दहाची जागा त्यांना कुणी देत नाही. जागा तर कुलपाआड पडून आहे. पुढच्या वेळी कुणी उमेदवार गल्लीत येऊन रेल्वेबद्दल बोलायला लागला, तर त्याला आधी या यादीबद्दल विचारा.